आईंना आठवत नाही, की ऐकूच येत नाही?

सुदामानगरच्या एका ताईंनी विचारलंय. सासूबाई ७४ वर्षांच्या. बारा-तेरा वर्षांपासून कमी ऐकू येतं, आणि गेली चार वर्षं दोन्ही कानांत मशीन घालूनही समोरच्याचं बोलणं कळत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बारीक तार बसवून ऐकण्याच्या नसेला थेट विजेने संदेश देणारं यंत्र, सुचवलं. पण हल्ली त्या विसरायलाही लागल्यात. गॅस चालू राहतो, एकच गोष्ट तीनदा विचारतात. म्हणून आणखी एकीकडे दाखवलं. तिथे स्मृतीची चाचणी झाली, ३० पैकी १७ गुण पडले, आणि "मेंदूच साथ देणार नाही तर एवढे लाख कशाला घालता?" असं सांगून परत पाठवलं. घरात आता दोन तट पडलेत. ताईंचा प्रश्न असा की म्हातारपणी बुद्धी आणि स्मरणशक्ती यांवर इम्प्लांटचा निकाल खरंच एवढा अवलंबून असतो का?

असतो, पण तुम्हाला सांगितलं तसा नाही. स्मृतीच्या चाचणीचे गुण म्हणजे इम्प्लांटच्या दारावरचा चौकीदार नव्हे. ऑपरेशननंतर या बाईंना कसं शिकवायचं, किती सावकाश जायचं आणि घरातल्या कोणाला कामाला लावायचं, हे त्या गुणांवरून ठरवायचं असतं. मी इंदुरात बावीस वर्षं ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी आणि सराव घेणारी, म्हणून काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही ते गुण चौकीदारासारखेच वापरले. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी त्या १७ गुणांकडे बघू. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ती मॉन्ट्रियलची, 'मोका' नावाने ओळखली जाणारी चाचणी असावी. २००५ साली ती प्रसिद्ध झाली आणि आता जगभर वापरतात. ३० पैकी २६ किंवा जास्त म्हणजे ठीक, असा तिचा ढोबळ नियम. त्यात पाच शब्द वाचून दाखवतात आणि पाच मिनिटांनी परत विचारतात, त्याचे ५ गुण. आकडे ऐकून सुलटे-उलटे म्हणायचे, २ गुण. अक्षरांची यादी ऐकत ठरावीक अक्षराला टेबलावर टिचकी मारायची, १ गुण. दोन लांब वाक्यं ऐकून जशीच्या तशी म्हणायची, २ गुण. करा बेरीज. दहा गुण असे आहेत की कानावर शब्द नीट पडल्याशिवाय ते मिळूच शकत नाहीत. उरलेल्या वीस गुणांच्या सूचनाही तोंडीच दिल्या जातात. ज्या बाईला मशीन लावूनही बोलणं कळत नाही, तिची परीक्षा बोलून घेतली आणि नापास झाली म्हणून मेंदूवर ठपका ठेवला, असा हा प्रकार.

माझ्याकडे रामबागेतून एक काकू यायच्या. त्यांच्या फाइलीत बाहेरून आलेला कागद होता: 'वार, तारीख सांगता येत नाही.' मी विचारलं, "आज वार कोणता?" त्या म्हणाल्या, "भात, नि थोडं वरण." काय जेवलात असं विचारलं असणार, असं त्यांनी धरलं होतं. दुपारी दोनला आलेल्या म्हाताऱ्या बाईला माणसं तेच विचारतात, त्यामुळे अंदाज तसा वाजवीच. मग मी लहान मुलांच्या पाटीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आज वार कोणता, तारीख काय?' त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वार, तारीख, महिना, वर्ष सांगून वर तिथीही सांगितली. त्या तिथीसाठी चाचणीच्या कागदावर रकाना नाही, नाहीतर एक गुण मी जास्तीचा दिला असता.

ऐकू न येणाऱ्यांसाठी हीच चाचणी पडद्यावर किंवा कागदावर लिहून दाखवून घेण्याची रीत आहे. तशी घेतल्यावर तुमच्या सासूबाईंना किती गुण पडतात ते बघा. सतराचे सव्वीस होतील असं मी म्हणत नाही. गॅस चालू राहतो हे कानाच्या खात्यात टाकून चालणार नाही, बर्नरचा भुसभुस आवाज ऐकू येत नाही हे त्यातलं एक कारण असलं तरी. पण किती कानाचं आणि किती मेंदूचं, हे वेगळं केल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेत राहतं. शिवाय चौथीपर्यंत शिकलेल्या आणि बी.ए. झालेल्या बाईला एकाच मापाने मोजायचं नसतं, शिक्षणाची सूट त्या चाचणीतही दिलेली आहे. ती धरली होती का, तेही विचारून घ्या.

आता मुद्द्यावर येते. इम्प्लांटला मेंदू एवढा का लागतो?

आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या त्या नळीत, ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या साधारण साडेतीन हजार केसपेशी एका ओळीत असतात. इम्प्लांटची तार त्या शंखात सरकवतात, तिच्यावर कंपनीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. त्यांतही शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडचा प्रवाह एकमेकांत मिसळतो, म्हणून खऱ्या अर्थाने वेगळ्या वाटा आठ-दहाच मिळतात. साडेतीन हजार तारांचं वाद्य आठ-दहा तारांवर वाजवायचं असं हे काम आहे. तरी बोलणं कळतं, हे नवल. १९९५ साली संशोधक रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांवर हे करून दाखवलं होतं. बोलण्याचा आवाज खालच्या ते वरच्या पट्टीपर्यंत फक्त चार पट्ट्यांत विभागला, बाकी सगळा तपशील खरखरीत विरघळवून टाकला, तरी थोड्या सरावाने शांत खोलीत वाक्यं कळत होती.

म्हणजे कानाकडून जे येतं ती तिसऱ्या कार्बनची प्रत. ज्यांनी कचेऱ्यांत टाइपरायटरवर दिवस काढलेत त्यांना कळेल. ती प्रत डोळ्यांनी वाचायची नसतेच, अर्धी अंदाजाने वाचायची असते. पत्र कोणाचं आहे, कशाबद्दल आहे हे माहीत असलं की पुसट अक्षरंही वाचता येतात. नसलं तर चार वेळा उजेडात धरावं लागतं. इम्प्लांट लावलेला माणूस दिवसभर, प्रत्येक वाक्याला, हे करत असतो.

त्याला जी शक्ती लागते तिला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. स्मृती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोठीघर येतं: पेन्शनचं पुस्तक कुठे ठेवलं, शेजारणीच्या नातवाचं नाव काय. कार्यस्मृती हे कोठीघर नव्हे, तो ओटा आहे. हातातलं काम चालू असताना जेवढं समोर मांडून ठेवता येतं तेवढी जागा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ येर्कर रॉनबर्ग यांनी मांडलेली कल्पना सोप्या भाषेत अशी: कानावर आलेला शब्द डोक्यात साठवलेल्या शब्दाशी झटकन जुळला तर ओटा लागतच नाही, अर्थ आपोआप लागतो. जुळला नाही की तो शब्द ओट्यावर ठेवून, पुढचं वाक्य ऐकत ऐकत, मागे जाऊन त्याचा उलगडा करावा लागतो. इम्प्लांटमध्ये न जुळणारे शब्द जास्त, म्हणून ओटा सदा भरलेला. वय वाढतं तसा ओटा थोडा आखडतो आणि हातही मंदावतात. स्मृतिभ्रंश नसलेल्या, ठणठणीत माणसाचंही हे होतं.

मराठीत हे आणखी अवघड आहे, आणि ते परदेशी लेखांत तुम्हाला सहसा सापडणार नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. "सकाळी डॉक्टरांनी लिहून दिलेली ती पिवळी गोळी आईंनी दुधाबरोबर घेतली..." इथवर सगळं ओट्यावर धरून ठेवायचं, आणि मग कळणार घेतली की 'घेतली नाही'. घरच्या बोलण्यात तर त्या 'नाही'चं 'नै' होतं, आणि तेही उठून आत जाता जाता पाठमोरं म्हटलेलं. सून म्हणाली "घेतली नै", सासूला ऐकू आलं "घेतली". दोघींचं भांडण होतं, आणि दोष विसराळूपणाला लागतो. माझ्या टेबलासमोर हे भांडण मी किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही.

ओट्याखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे चपळाई. दुसरी, नको तो शब्द बाजूला सारण्याची ताकद. पाट, ताट आणि काठ हे शब्द इम्प्लांटमधून फार जवळचे वाटतात, कारण 'प', 'त', 'क' यांतला फरक तोंडात नेमकी कुठे हवा अडली याचा आहे, आणि तो बारीक तपशील त्या आठ-दहा वाटांत नीट मावत नाही. 'स' आणि 'म' यांची गल्लत सहसा होत नाही, पण 'प' आणि 'त' यांची होते. "ताट घे" म्हटल्यावर डोक्यात तिन्ही शब्द उभे राहतात. जेवायची वेळ असेल तर पाट आणि काठ यांना गप्प बसवून ताट निवडायचं. हे गप्प बसवणं ज्याला पटकन जमतं त्याला वाक्यं जास्त कळतात. अमेरिकेत ॲरन मोबर्ली यांच्या गटाने मोठ्या वयाच्या इम्प्लांटधारकांवर जे काम केलं त्यात हे दिसलं. जाता जाता: 'प' म्हणताना ओठ मिटतात, 'त' म्हणताना नाही. म्हणजे जे इम्प्लांट देत नाही ते ओठ फुकट देतात. समोर बसून बोला हा सल्ला नुसता शिष्टाचाराचा नसतो, तो यासाठी असतो.

इतकं सगळं मेंदूवर अवलंबून आहे, तर मग त्या डॉक्टरांचं बरोबरच नाही का? नाही. एक म्हणजे बुद्धीच्या चाचण्या आणि इम्प्लांटचा निकाल यांचं नातं आहे, पण ते मध्यम आहे, आणि मुख्यतः गोंगाटातल्या वाक्यांच्या बाबतीत दिसतं. शांत खोलीत एकेकटे शब्द ओळखण्यात ते बरंच पुसट होतं. दुसरं, आधी मोजता येणाऱ्या गोष्टींवरून निकाल वर्तवणं एकूणच अवघड आहे. २०१२ मध्ये १५ केंद्रांतल्या २,२५१ प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली. किती वर्षं ऐकू येत नव्हतं, कारण काय, वय किती, कानाची मशीन वापरत होते का, हे सगळं धरूनही निकालांतल्या फरकाचा जेमतेम पाचवा हिस्सा उलगडला. एका कागदावरच्या सतरा गुणांवरून कोणी ठामपणे 'उपयोग होणार नाही' म्हणत असेल, तर त्याचा आत्मविश्वास पुराव्यापेक्षा मोठा आहे.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या घरातल्या दोन्ही तटांना वाचून दाखवा. फ्रान्समधल्या दहा केंद्रांनी ६५ ते ८५ वयाच्या ९४ जणांचा इम्प्लांटआधी आणि नंतर अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. आधी ज्यांचे बुद्धीचे निकाल सगळ्यांत वाईट होते अशा ३७ जणांपैकी ३० जणांचे वर्षभरात सुधारले होते. नैराश्य नसलेल्यांचं प्रमाण ५९ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेलं. यातल्या काहींना पुढे सरासरी जवळजवळ सात वर्षं पाहिलं. सौम्य स्मृतिदोष असलेल्या ३१ जणांपैकी १० पूर्ववत झाले, १९ आहेत तिथेच राहिले, दोघांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांना 'उपयोग नाही' म्हणून परत पाठवतात ते साधारण याच गटातले.

पण म्हणून उड्या मारू नका. त्या अभ्यासात इम्प्लांट न केलेल्यांचा तुलनेचा गट नव्हता. ज्याचा पहिला निकाल फार वाईट, तो दुसऱ्यांदा थोडा वर येतोच, त्या दिवशी झोप झाली नव्हती, बावरला होता, अशी शंभर कारणं असतात. चाचणीची सवयही होते. आणि ऐकू यायला लागल्यावर चाचणीच नीट देता आली, हेही त्यात आलंच. स्मृतिभ्रंश आणि बहिरेपणाचं नातं मात्र जुनं आणि पक्कं आहे. अमेरिकेतले संशोधक फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये बाल्टिमोरच्या ६३९ जणांच्या माहितीवरून दाखवलं, की तीव्र ऐकण्याचा दोष असलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जवळपास पाचपट होता. पण नातं म्हणजे कारण नव्हे. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर कानाच्या मशीनचा रीतसर प्रयोग झाला. तीन वर्षांनी सगळे मिळून पाहिलं तर फरक नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा 'इम्प्लांट केलं की स्मृतिभ्रंश टळतो' असं कोणी तुम्हाला विकत असेल तर तेही घेऊ नका. इम्प्लांट ऐकण्यासाठी करायचं. बाकी जे मिळेल ते वरचं.

आता माझी चूक. खूप वर्षांपूर्वी, मी तेव्हा जिथे काम करत होते तिथे, मिलमध्ये सांचे (माग) चालवून कान गेलेले एक काका आले होते. तोंडी घेतलेल्या चाचणीत त्यांचे गुण फारच कमी पडले. मी अहवालात लिहिलं, 'स्मरणशक्ती क्षीण, लाभ मर्यादित अपेक्षित.' त्यांच्या मुलाने तो कागद घडी करून खिशात घातला आणि ते गेले. पाच-सहा वर्षांनी अनंतचतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या (चित्ररथ) बघताना गर्दीत तो मुलगा भेटला. काका हयात होते, पण कोणाशीच बोलत नव्हते. बोलून उपयोग नाही म्हणून घरच्यांनीही हळूहळू सोडून दिलं होतं. त्या अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण मी ते प्रश्न लिहून दाखवून मिळालेल्या उत्तरांवरून ठरवलं नव्हतं, आणि ते ऐकून घरी काय होईल याचा विचार केला नव्हता.

नंतरची दोन माणसं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. एक निवृत्त प्राध्यापक, वय ७१, स्मृती तल्लख, सगळ्या चाचण्यांत पहिला नंबर. इम्प्लांट झालं, मशीन सुरू केलं, पहिल्या दिवशी आवाज ऐकून म्हणाले, "ही तर पत्र्याच्या डब्यात बडबडणारी माणसं." ते सगळ्यांनाच तसं वाटतं, आठवड्या-महिन्यांत निवळतं. त्यांनी निवळू दिलं नाही. इम्प्लांटचा बाहेरचा, कानावर लावायचा भाग म्हणजे प्रोसेसर. तो किती तास कानावर होता याची नोंद त्याच्यातच होते. तीन महिन्यांनी जोडून पाहिलं तर दिवसाला अडीच तास. घरी एकटेच राहायचे, वाचायचे. दुसऱ्या एक आजी, ७८ वर्षांच्या, लिहून घेतलेल्या चाचणीतही गुण कमीच. पण नात रोज शाळेतून आली की समोर बसायची आणि वर्तमानपत्रातली चार वाक्यं म्हणायची, आजीने ती परत म्हणायची. नोंद रोज अकरा-साडेअकरा तासांची. वर्षाने आजी शांत खोलीत गप्पा मारत होत्या, प्राध्यापक अजून ओठ वाचत होते. म्हणजे स्मृती महत्त्वाची नाही असं नाही. आजींना तेच शिकायला इतरांच्या दुप्पट वेळ लागला, आणि लग्नाच्या हॉलमध्ये त्यांना आजही काही कळत नाही. पण ओटा लहान असला तरी रोज स्वयंपाक होत होता.

यातला एक सापळा सांगून ठेवते. सुरुवातीला आम्ही तोंडपाठ आरत्या, स्तोत्रं ऐकायला देतो. पुढचा शब्द माहीत असतो, त्यामुळे पुसट आवाज ओळखीच्या शब्दावर बसतो, मेंदूला खूण पटते. छान. पण तीन आठवड्यांनीही आरतीच चालू असेल तर माणूस ऐकत नसतो, आठवत असतो. आणि सगळं घर म्हणतं, बघा किती छान ऐकू येतंय. आरती झाली की पेपर, पेपर झाला की शेजारणीची तक्रार, असं ओळखीकडून अनोळखीकडे जायचं. ज्यांची स्मृती कच्ची आहे त्यांना ओळखीच्या मजकुरावर जास्त दिवस ठेवते, पण अडकू देत नाही.

इंदूरच्या घरांत भाषेचाही घोळ असतो. आई मराठीत विचार करतात, नातवंडं हिंदीत उत्तर देतात, टीव्ही हिंदी, दारावरचा भाजीवाला माळवी मिसळून बोलतो, आणि मुलगा फोनवर "हां भिया" म्हणत एकाच वाक्यात दोन भाषा फिरवतो. चांगल्या कानाला याचं काही वाटत नाही. पुसट आवाजात मात्र आधी भाषा कोणती हेच ठरवण्यात ओट्याचा कोपरा खर्च होतो. म्हणून पहिले सहा महिने आईंशी सगळ्यांनी एकाच भाषेत बोलावं, त्यांच्या घरच्या, असं मी सांगते. नातवंडांची कुरकुर होते, होऊ द्या. तपासणीच्या वेळी शब्दांची यादीही मराठी आहे की हिंदी, ते विचारा. मराठी बाईचे हिंदी यादीवरचे गुण कमी आले तर त्यातले काही भाषेचे असतात.

आता तुमच्या सासूबाईंचं करायचं काय. ऑपरेशनची तारीख काढण्याआधी फिजिशियनकडून बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम तपासून घ्या. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं इतकं सर्रास आहे की नुसतं ते भरून काढल्यावर विसराळूपणा उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवी रोखण्याच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या डोक्यावर मळभ येतं, तेव्हा सगळ्या गोळ्यांची यादी न्या. मोतीबिंदू असेल तर आधी तो काढा. ओठ दिसले पाहिजेत. मन खचलेलं आहे का तेही बघायला हवं, कारण उदास माणूस चाचणीत विसराळू दिसतो. हे सगळं झाल्यावर लिहून घेतलेली चाचणी, आणि तरीही गुण फार खाली असतील तर न्यूरॉलॉजिस्ट. ऑपरेशन साधारण दोनेक तासांचं, पण भूल पूर्ण द्यावी लागते आणि या वयात भुलीनंतर काही दिवस भ्रम होऊ शकतो, ज्यांची स्मृती आधीच कच्ची त्यांना जास्त. हे भूलतज्ज्ञांशी आधीच बोला, चष्मा आणि दुसऱ्या कानाची मशीन शुद्धीवर आल्या आल्या लगेच द्यायला सांगा. न्यूमोकॉकलची (न्यूमोनिया-मेंदूज्वराच्या जंतूवरची) लस आधी घ्यायची असते. काही दिवस चक्कर येऊ शकते, तेव्हा न्हाणीघरात धरायला दांडा लावून घ्या.

दुसऱ्या कानात थोडं ऐकू येत असेल तर तिथली मशीन काढू नका. इम्प्लांट आवाजाचा चढउतार नीट देत नाही, मशीनमधून येणारा खालच्या पट्टीतला आवाज तो देतो. प्रश्न विचारलाय की सांगितलंय, एवढं त्यावरून कळतं.

पैशांचं मी ठरवू शकत नाही. सरकारी योजना बहुतेक मुलांसाठी आहेत, मोठ्यांना सहसा खिशातून घालावे लागतात, आणि मशीन कोणतं यावर सहा लाखांपासून बारा-पंधरापर्यंत आकडा जातो. महागातलं मशीन घेण्यापेक्षा सगळ्यांत साधं घेऊन उरलेल्यातून वर्षभराच्या फेऱ्या आणि सरावाची सोय करा, असं मी स्मृती कच्ची असलेल्यांच्या घरच्यांना स्पष्ट सांगते. विक्रेते नाराज होतात. पण महाग मशीनबरोबर येणाऱ्या ज्या मोबाईल ॲपला आई हात लावणार नाहीत त्याचे पैसे कशाला?

मी नाही कधी म्हणते? स्मृतिभ्रंश वेगाने वाढतोय, माणूस कानावर लावलेलं मशीन उपटून फेकतोय, आवाज मोठा लागतोय की लहान हे कुठल्याच खुणेने सांगू शकत नाही, आणि घरात रोज लावून देणारं कोणी नाही, हे सगळं एकत्र आलं तर. यातली एखादीच गोष्ट असेल तर मार्ग निघतो. तुमच्या वर्णनात आई पेपर वाचतात, मशीनच्या बॅटऱ्या स्वतः बदलतात. बॅटऱ्या बदलतात हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मला त्या १७ गुणांपेक्षा ते जास्त सांगून गेलं.

झालं तर पहिले काही महिने एकाने रोज अर्धा तास समोर बसायचं, सकाळी. दुपारपर्यंत ऐकून ऐकून माणूस दमतो, तेव्हा सराव नको, माझ्याकडची वेळही सकाळचीच घ्या. मिक्सर, पंखा, टीव्ही बंद. आधी विषय सांगायचा, मग वाक्य: "आई, गोळी. पिवळी गोळी. घेतली नाही ना?" 'नाही' पूर्ण म्हणायचं. ओरडायचं नाही, ओरडल्याने शब्द फाटतो. दोन शब्दांत श्वासाएवढी जागा सोडली की ओटा रिकामा व्हायला वेळ मिळतो. तीन महिन्यांत काही नाही म्हणून हाय खाऊ नका. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा महिने ते वर्षभरात दिसतो, आणि मंद चालणाऱ्यांना त्याहून जास्त लागतो.

तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात मुलगा काय म्हणतो, दीर काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणाले हे सगळं आहे. आई काय म्हणतात ते नाही. त्यांना ऐकू येत नाही म्हणून कोणी विचारलं नसेल, सहसा असंच होतं. मोठ्या अक्षरात, एका कागदावर एकच प्रश्न, असं लिहून विचारा आणि पेन त्यांच्या हातात द्या. लोकमान्यनगरच्या एका काकूंना मी असंच विचारलं होतं: 'ऑपरेशन करायचं का?' त्यांनी बराच वेळ घेतला आणि खाली लिहिलं, 'आत्ता नको. आधी या सगळ्यांना एकदम बोलू नका म्हणावं.' सात-आठ महिन्यांनी त्या स्वतःच मुलाला घेऊन आल्या, आणि तोच कागद पर्समधून काढून त्यातला 'नको' खोडून दाखवला.